स्ट्रासबुर्गमध्ये ‘हिला चालत नाही’

ट्राम ऱ्हाइनच्या पुलावर चढली आणि मी खिडकीला नाकच लावलं. अर्धी नदी जर्मनीची, अर्धी फ्रान्सची, आणि पूल संपला की थांब्यांची नावं एकदम फ्रेंच. शिक्का नाही, तपासणी नाही, काही नाही. हायडेलबर्गहून सकाळीच निघालो होतो, केल नावाच्या सीमेवरच्या गावात ट्रेन सोडली आणि ही ट्राम पकडली. आयुष्यात पहिल्यांदा फ्रान्स, तेही एकच दिवस. चर्च, कालवे, लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, सगळं बघणार होतेच, पण मुळात मी खायला चालले होते. हे मी नवऱ्याला, म्हणजे अमेयला, आठवडाभर सांगत होते. तो "गेनाऊ, गेनाऊ" (बरोबर, बरोबर) म्हणत होता. जर्मन कंपनीत गिअरबॉक्सची डिझाइनं करून करून त्याला ही सवय लागलीय, लक्ष नसलं की गेनाऊ म्हणायचं.

हे सगळं मी तापलेल्या डोक्याने टाइप करतेय, आधीच सांगते.

कॅथेड्रल मात्र वेडं करतं. गुलाबी दगड, आणि त्यावर इतकं बारीक कोरीव काम की दगडाला जाळीची ओढणी घातल्यासारखं वाटतं. मान दुखेपर्यंत वर बघितलं. मग मागच्या गल्लीत एक चीजचं दुकान दिसलं आणि मी आत घुसले. काउंटरमागच्या बाईंनी सुरीच्या टोकावर मुन्स्टर (इथलं नारिंगी सालीचं, मऊ आणि भयंकर वासाचं चीज) पुढे केलं. मी हात पुढे करतेय तेवढ्यात अमेय मध्ये आला. "नो, नो. माय वाइफ, शी कान्ट. द स्मेल." बाईंनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि सुरी मागे घेतली.

"मी कधी म्हटलं असं?"

"अगं, नुसती चव बघायची आणि घ्यायचं काहीच नाही, बरं दिसतं का?"

आणि हे मला पटलं. मूर्ख मी.

पुढे कालव्याकाठी एका विनश्टुबमध्ये (घरगुती खानावळ) बसलो. मला टार्त फ्लांबे हवं होतं, म्हणजे पातळ लाटलेल्या पोळीवर आंबटसर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालून भट्टीत भाजतात ते. शेजारच्या टेबलावर आलंच होतं, कडा काळपट, मधे साय रटरटतेय. वेटर आला. अमेय लगेच, "फॉर माय वाइफ, नो मीट, नो क्रीम."

वेटर जर्मनमध्ये म्हणाला, "मग राहिलं काय? पोळी आणि कांदा."

"मी सगळं खाते," मी त्याला सांगेपर्यंत अमेय उठलासुद्धा होता. "राहू दे गं, भूक मरेल. मावशीकडे एक वाजता जेवायचंय."

कोण मावशी? तर वृंदामावशी, माझ्या सासूबाईंची मावसबहीण, फ्रेंच माणसाशी लग्न करून कित्येक वर्षं इथेच राहणारी. अमेयने तिला परस्पर फोन केला होता आणि तिने जेवायला बोलावलं होतं. मला सांगितलं ट्रामच्या थांब्यावर जाता जाता.

मावशीच्या जिन्यातच असा वास आला की मी दोन पायऱ्या एकदम चढले. लोणी, वाइन, मशरूम. दार उघडून मावशी म्हणाली, "ये गं केतकी, ये. दमलीस ना? लगेच बसूया." टेबलावर तीन ताटं. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, काकडीची कोशिंबीर. चांगलंच होतं हो, पण हे मी घरी रोज करते.

"ज्याँकाका नाही जेवणार?" मी विचारलं.

"ते आत बसलेत. शनिवारी त्यांची रीसलिंगमधली (इथली पांढरी वाइन) कोंबडी ठरलेली. अमेय म्हणाला, तुला नुसत्या वासाने उलटी होते. म्हणून त्यांना दार लावून बसवलंय. सकाळपासून खिडक्याही उघड्याच ठेवल्यात."

मी रत्नागिरीची. आमच्याकडे सुकट भाजायला घेतली की शेजारी खिडक्या लावतात. आणि माझ्यामुळे एक म्हातारा माणूस स्वतःच्या घरात कोंडून जेवत होता. डोक्यात एकेक गोष्ट पटापट जुळायला लागली. हायडेलबर्गमध्ये कुणाकडेही जेवायला गेलं की माझ्यासमोर न विचारता दहीभात का येतो. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजी दर रविवारी केक करतात, वास जिनाभर सुटतो, आम्हाला कधी तुकडा का देत नाहीत. मी त्यांना खडूस समजत होते. त्या बिचाऱ्या माझी काळजी घेत होत्या.

मी ताट उचललं, स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि काकांच्या समोर बसले. जर्मनमध्ये विचारलं, "अजून आहे का?" जुन्या लोकांना इथे ते येतं. काकांनी आधी माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं, आणि पळी भरून वाढलं. कोंबडी हाडावरून सुटत होती, रश्शाला साय आणि वाइनचा आंबटपणा. मी पोळीनेच पुसून खाल्लं. मग त्यांनी मुन्स्टर काढलं, वर शहाजिऱ्यासारखे दाणे भुरभुरले. वास गोठ्याचा, चव मात्र अशी की मी डोळे मिटले.

मागे मावशी विचारत होती, "अमेय, मग वास नक्की कुणाला सोसत नाही रे?"

"तसं नाही मावशी..."

"मग कसं?"

उत्तर मला तासाभराने मिळालं, कालव्याच्या कठड्यावर. "मी नको म्हटलं की लोक आग्रह करतात, वाईट वाटून घेतात. बायकोला चालत नाही म्हटलं की विषय संपतो."

"आणि माझ्याबद्दल काय वाटून घेतात?"

"तेवढा विचार नाही केला."

तेवढा विचार नाही केला म्हणे. मी पहिल्या दिसेल त्या खानावळीत शिरले आणि एक अख्खं टार्त फ्लांबे मागवलं, सगळ्या मांसासकट. पोट भरलेलं होतं तरी संपवलं. तो समोर पाणी पीत बसला.

परतीच्या ट्रेनमध्ये पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "केतकीला काही खायला मिळालं का रे? तिला तिकडचं काही चालत नाही म्हणतोस, मला काळजी लागली होती."

म्हणजे पुण्यापर्यंत. मी नुसतं त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर द्राक्षांचे मळे गेले, एक स्टेशन गेलं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "तिला सगळं चालतं. मला चालत नाही. मी तिचं नाव पुढे करतो."

मला वाटलं आई हसून सोडून देतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांनीही जन्मभर तेच केलं. हिला वांगं आवडत नाही, हिला लसूण सोसत नाही. मला वांगं किती आवडतं, माहितीय तुला?"

अमेयला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी त्यांच्या हाताखाली दोन दिवाळ्या केल्यात.

"फोन केतकीकडे दे," आई म्हणाल्या. त्या उठून गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "हं. आता सांग मला सगळं. कोंबडीत ती वाइन कधी घालतात, आधी की मागाहून?"

"अहो आई, थांबा, नीट पहिल्यापासून सांगते," मी म्हटलं. कार्ल्सरुह स्टेशन येऊन गेलं तरी आम्ही अजून चीजवरच होतो.