जोडीबाईंची भांडकुदळ चित्रं

जोडीबाईंनी आम्हाला एकटं चित्र कधी दाखवलं नाही. अमरावतीच्या आमच्या कला महाविद्यालयात त्या युरोपच्या चित्रकलेचा इतिहास शिकवायच्या आणि त्यांच्या टेबलावर कायम दोन चित्रं शेजारी शेजारी उभी असायची. पुस्तकात एकच चित्र उघडून कोणी शंका विचारायला गेलं, की त्या विचारायच्या, "याच्या संग कोन हाये? एकट्याले काय विचारून राहिली?" म्हणून जोडीबाई. खरं नाव निम्म्या वर्गाला माहीतच नव्हतं.

माझ्या पहिल्या तासाला त्यांनी दोन आयांची चित्रं मांडली. एक मध्ययुगातली, सपाट, मागे सगळा सोन्याचा वर्ख. दुसरी खूप नंतरच्या बरोक काळातली, अंधारात बसलेली, मेणबत्तीपुरती उजळलेली. दोघींच्या मांडीवर मूल. "उजेड कुठून येऊन राहिला?" बाईंनी विचारलं. ते राहिलं बाजूला आणि वरूडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पहिल्याले अजून चित्र काढता येत नव्हतं."

बाई अशा भडकल्या, की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. "येत नव्हतं? वर्खावर इतकी बारीक नक्षी काढनाऱ्याले एक बोट काढता येत नव्हतं काय? त्याले तसं काढाचंच नव्हतं! मागून आला तो शहाना, असं कोनं सांगतलं तुले?" काळ पुढे गेला म्हणजे कला सुधारली, असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याची त्या गय करत नसत. उजेड कुठून येतो, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "डोये हायेत ना? भांडू द्या दोघींले, आपसूक समजते."

ही चित्रं त्यांनी परदेशी कॅलेंडरांतून, रद्दीतल्या पुस्तकांतून जमवली होती. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर चिकटवून, दोन-दोन फळ्या बिजागरीने जोडून, पुस्तकासारख्या मिटता येतील अशा केल्या होत्या. मूर्तिजापूरहून अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजरमधून रोज त्या फळ्या पिशवीत घेऊन यायच्या. डब्यातही पिशवी बंद राहत नसे. एका टीसीला म्हणे तिकीट बघायला मिळण्याआधी मेणबत्तीवाल्या आईकडे बघावं लागलं होतं.

निवृत्त होताना सगळ्या फळ्या त्यांनी कॉलेजला दिल्या. घर नाही, दागिने नाहीत, जन्मभराचं जे काही होतं ते हेच. मी तेव्हा नुकतीच तिथे शिकवायला लागले होते. "फुटल्या तरी चालते," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "पन जोड्या मोडू नका."

मग तपासणी समिती येणार असं कळलं आणि प्राचार्यांना सुशोभीकरणाचा झटका आला. आम्हाला न विचारता सुटीत बिजागऱ्या उपटल्या गेल्या. प्रत्येक चित्र सोनेरी फ्रेममध्ये एकटं बसलं आणि व्हरांड्यात सनावळीप्रमाणे ओळीने टांगलं गेलं: मध्ययुग, प्रबोधनकाळ, बरोक. पहिली आई दाराशी, दुसरी पार जिन्याजवळ. आणि कहर म्हणजे उद्घाटनाला बोलावलं कोणाला, तर बाईंना!

बाई आल्या. फितीखालून वाकून शेवटच्या फ्रेमपर्यंत शांतपणे चालत गेल्या, परत आल्या आणि हातातली कात्री तबकात ठेवली.

"क्रम तर बरोबर आहे ना, मॅडम?" प्राचार्य हसत म्हणाले.

"क्रम बरोबर हाये, सर. पन हे भांडत होते एकमेकाईसोबत. तुमी त्याईले गप बसवलं."

फीत न कापताच त्या ऑटोत बसून बडनेऱ्याला गेल्या. पुन्हा कॉलेजची पायरी चढल्या नाहीत. स्टाफरूममध्ये मात्र आठवडाभर बाईंच्याच विक्षिप्तपणाची चर्चा. बिजागऱ्या उपटणारे शहाणे! माझं डोकं अजून तापतं.

या हिवाळ्यात बाई गेल्या. कॉलेजने शोकसभा ठेवली. बाईंच्या फोटोला हार घालून प्राचार्य माइकसमोर उभे राहिले. "मॅडमनी युरोपची चित्रकला आपल्यापुढे क्रमाने मांडली," ते म्हणाले.

क्रमाने! मी उठले. तडक व्हरांड्यात गेले, दाराजवळची आई काढली, जिन्याजवळची काढली आणि दोघींना आणून बाईंच्या फोटोपुढे एकमेकींना टेकवून उभं केलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"सर," मी विचारलं, "उजेड कुठून येऊन राहिला?"

प्राचार्यांनी मान वर करून छताच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं.

मी रडणार होते की ओरडणार होते, मलाच कळेना. तेवढ्यात मागच्या रांगेतली दोन मुलं उठून टेबलापाशी आली. बाईंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

"मॅडम, याच्यात तर मेणबत्ती हाये," एक म्हणाला. "पन या पहिलीत कुठूनच येऊन नाही राहिला."

"काहून नाही? मागचं सोनंच उजेड देऊन राहिलं ना!"

"अबे, मंग तिची सावली कुठं हाये?"

"तिले सावली असनच काहून?"

आणखी मुलं उठली. खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. "शांतता!" प्राचार्य माइकवरून ओरडले. "ही शोकसभा आहे! मॅडम, गप्प करा त्यांना!"

मी कोणालाही गप्प केलं नाही.