शकुनबाईचं पोर्ट

"कॅन्सरची गाठ जठरात आहे आणि पेशी पेरिटोनियमवर पसरल्यात," डॉक्टर म्हणाले. पेरिटोनियम म्हणजे पोटातल्या अवयवांवरचं पातळ अस्तर. दोन महिने मी त्याला अपचन समजत होते. अहेरीच्या अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढायची आणि स्वतः चार घासांत उठायचं, एवढंच.

चंद्रपूरला नव्या उपचाराची चाचणी सुरू होती. शिरेतल्या औषधासोबत थेट पोटाच्या पोकळीतही केमो. त्यासाठी कातडीखाली पोर्ट, म्हणजे नळी जोडलेली छोटी डबी, बसवतात. निम्म्यांना ही पोर्टवाली केमो, निम्म्यांना फक्त शिरेतली नेहमीची. निवड कॉम्प्युटर करतो. मला नेहमीची आली. त्याच दिवशी सही केलेल्या नागभीडच्या शकुनबाईला पोर्ट मिळालं.

मी जळले. तिची उलटी थांबली की माझं तोंड कडू व्हायचं. मी डॉक्टरांकडे बदलून मागितलं. ते म्हणाले, "ताई, कोणतं चांगलं हे माहीत असतं, तर चाचणी कशाला घेतली असती?" मला काही पटलं नाही.

चौथ्या फेरीला शकुनबाईनं मला कोपऱ्यात नेऊन पोट दाखवलं. पोर्टभोवती लालभडक सूज. ठणकतं म्हणून ती आठवडाभर मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळत होती. आमच्याकडे गुडघ्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांना तेच तेल. वर तपासणीआधी तापाची गोळी खायची, म्हणजे थर्मामीटरला कळू नये.

"मीराबाई, कोणाले सांगू नोको. पोर्ट काढून टाकतीन ते."

मी सरळ नर्सकडे गेले.

इन्फेक्शन, म्हणजे जंतुसंसर्ग, आत उतरत होता. पोर्ट काढावं लागलं. चार दिवस उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

तुमच्यापैकी कोणी अशा चाचणीत असाल, तर ताप लपवू नका आणि डबीला तेल लावू नका. शेजारणीचा हेवा वाटेल. तो केमोनं जात नाही.

महिन्यानं ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती, माझ्याच औषधावर. मला बरं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. शेवटी राहवेना.

"शकुनबाई, तुह्या काळजीनं नाई सांगतलं मी. तुह्यं पोर्ट जावं म्हून सांगतलं."

ती हसली. "मले का समजत नाई? डॉक्टरापुढं माह्या तोंडून निघत नव्हतं, म्हून तं तुले दाखोलं. माह्यी पोरगी असती तं माहं ऐकून चूप राह्यली असती."