रामाने जुना अंगरखा घातला ते वर्ष

तुमच्या घरातला एखादा माणूस बोलायचा थांबला, तर तुम्ही त्याला काय होतंय असं विचाराल, की त्याच्या पाया पडाल?

हा प्रश्न मी चेष्टेने विचारत नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या लोक पाया पडले. केळी, नारळ, उदबत्त्या घेऊन आले. आणि तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत बुडत होता.

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज कधी तरी मराठ्यांच्या फौजेमागून या मुलखात आले आणि बेंगळुरातच राहिले, म्हणून आमच्या घरात मराठी आणि दारात कन्नड. वडील मात्र सुई सोडून चिकपेटेजवळच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायला गेले. तिथली वाया गेलेली पत्रके ते घरी आणत. हुंडा घेऊ नका, दारू सोडा, कुणाला देवळाबाहेर ठेवू नका. दोन्ही भाषांची अक्षरे मी त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे देवापुढे हात जोडण्याआधी चार प्रश्न विचारायची खोड मला लहानपणीच लागली. वडील गेल्यावर घर चालवले ते अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने. पेठेतल्या एका बोळात त्याचे शिवणाचे दुकान होते आणि गिऱ्हाइके कपड्यांइतकीच त्याच्या जिभेसाठी येत. "शेट्रे, मागच्या वर्षीच्या मापात बसायचं असेल तर तळलेले बोंडे स्वल्प कमी खा," असे तो जुन्या गिऱ्हाइकाला, शेट्टींना, तोंडावर सांगे, आणि ते पोट धरून हसत.

आमच्या गल्लीत रामाचे लहानसे देऊळ आहे. रामनवमीचा देवाचा अंगरखा शिवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे. पाडव्याला, म्हणजे इथल्या युगादीला, देवळातून रेशमी कापड पिवळ्या फडक्यात बांधून येते. त्या दिवसापासून रामनवमीपर्यंत शिवणाऱ्याने मौन पाळायचे. त्याच्याशी कुणी बोलायचे नाही, मुलांनीसुद्धा नाही. जो त्याचे मौन मोडील त्याच्या माथी पाप, आणि शिवणाऱ्यावरही देवाचा कोप. आदल्या दुपारी शिंप्याने अंगरखा घेऊन देवळात यायचे आणि गळ्याची शेवटची पट्टी देवासमोर बसून शिवायची. आजोबांनंतर हे काम अण्णाकडे आले होते आणि तो ते मोठ्या आनंदाने करी. मौन सुटले की सगळ्या दिवसांचे विनोद तो एका संध्याकाळी वसूल करायचा.

राज्यांची फेररचना होऊन थोडाच काळ लोटला होता, त्या वर्षीची ही गोष्ट. शिवरात्रीच्या सुमारास अण्णाचे विनोद थांबले. मग गिऱ्हाइकांशी बोलणे थांबले. मग घरात. मशीनच्या पायडलवर पाय ठेवून तो बसे आणि पाय हलतच नसे. पानातला भात तसाच राहू लागला. झाले काय, असे कुणाला विचारले तर सांगण्यासारखे काही नव्हते. धंदा बरा होता, मुलगा शाळेत जात होता, वैनी आणि त्याच्यात भांडण नव्हते. पुढे अनेकांनी मला विचारले, कारण काय होते? मी त्यांनाच विचारते, ताप भरलेल्या माणसाला तुम्ही आधी कारण विचारता आणि मग पांघरूण घालता का?

युगादीला कापड आले आणि गल्लीने अण्णाच्या गप्पपणाला नाव देऊन टाकले. आमचे दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, देवळाच्या पंचांपैकी. ते ओट्यावर बसून सगळ्यांना सांगू लागले, "यंदा पोराचं ध्यान युगादीच्या आधीच लागलं बघा. आमच्या घरात असा भक्त झाला नव्हता." बायका येऊन अण्णाच्या पायांवर डोके ठेवू लागल्या. तो पाय मागे घेई, तर त्या म्हणत, केवढी नम्रता! मी आईला म्हटले, "आई, हे मौन नाही. मौनात अण्णा खुणा करतो, भुवया उडवतो, मला चिडवतो. हा बघतसुद्धा नाही." आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप. तुझी पत्रकं बाहेर. देवाच्या कामात जीभ घातलीस तर भोगायचं त्याला आहे, तुला नाही." तिचा हात थंडगार होता. तीही भ्याली होती, हे मला त्या हातावरून कळले.

त्यानंतरचे दिवस मी दाराच्या आवाजावर काढले. दार वाजले की छाती धडधडे. वाजले नाही तर जास्त धडधडे. शाळेत मी मुलींना गणित शिकवत असे, पण फळ्यावर आकडे लिहिताना माझे कान घरी असत. मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन खिडकीतून डोकावायचे, अण्णाची पाठ दिसली की परत पळायचे. एका दुपारी अशीच आले तर वैनी स्वयंपाकघरात कात्र्या तांदळाच्या डब्यात पुरत होती. मला पाहून ती खाली बसली. "आत्ता मी त्यांना आडाच्या कठड्यावरून हाताला धरून आणलं," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"मी काही बोललेच नाही. मौन मोडलं असतं ना."

आपला नवरा विहिरीच्या काठावरून ओढून आणताना ती बाई त्याला एक शब्द बोलू शकली नाही. आणि सांगते, वैनी अडाणी नव्हती, निष्ठुर नव्हती. तिला लहानपणापासून एवढेच शिकवले होते की गप्प बसणे म्हणजे पुण्य.

रामनवमीच्या आदल्या दुपारी अण्णा पिवळे गाठोडे छातीशी धरून देवळात गेला. मागे आम्ही तिघी. मांडव घातलेला होता, पानकाची, म्हणजे गुळाच्या सरबताची, घागर भरत होती, कोशिंबिरीसाठी काकड्या चिरल्या जात होत्या. कुणी तरी तंबोरा लावत होते. अण्णा देवासमोर बसला आणि गल्लीतली सगळी माणसे हात जोडून अंतरावर उभी राहिली. मी त्याच्या बोटांकडे पाहत होते. ती गाठोड्याच्या गाठीवर होती आणि गाठ सुटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी मूर्तीकडे पाहून काही मागितले. शब्दही नीट नव्हते. मी एवढेच म्हटले की रामा, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

तेव्हा मांडवात पानक प्यायला आलेली एक बाई पुढे झाली. पन्नाशीची असावी, रंग उडालेले हिरवे लुगडे, हातात कापडी पिशवी. होसकोट्याच्या बसमधून उतरून देवळात सावलीला आली होती, असे तिने मागाहून सांगितले. आमच्या गल्लीतली नसल्याने तिला आमची रीत ठाऊक नव्हती. ती सरळ अण्णाशेजारी जाऊन बसली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कन्नडमध्ये विचारले, "निद्दे बरत्ता, अण्णा?" झोप लागते का, एवढेच.

गर्दीतून एकच "अय्यो" उठला. दोड्डप्पा ओरडले, "अम्मा! मौन आहे त्याचं!"

आणि अण्णा बोलला. "इल्ला," तो म्हणाला. नाही. कित्येक दिवस न वापरलेला तो आवाज गंजलेल्या कडीसारखा आला. मग तो रडू लागला, लहान मुलासारखा, तोंड उघडून. गाठोडे मांडीवरून घसरले आणि सुटले. आतले रेशीम जसे आले होते तसेच होते. ना कात्री लागलेली, ना टाका.

लोक मागे सरले. कुणी अपशकुन म्हणाले, कुणी दृष्ट. त्या बाईने मात्र अण्णाचा हात सोडला नाही. माझ्या मुलाचे असेच झाले होते, ती म्हणाली, त्याला सरकारी इस्पितळात नेले, आता बरा आहे. घोड्याचा जटका बोलवा, मी येते बरोबर. कोणते इस्पितळ ते सगळ्यांना कळले. आमच्याकडे त्याचे नाव शिवीसारखे घेतात.

"वेड्यांच्या इस्पितळात?" दोड्डप्पांचा आवाज फाटला. "घरी न्या, दार लावा, अंगारा लावा. तिकडे गेला हे कळलं तर दुकानात कोण येईल? अंगरख्याचा मान राहील का? आणि हिच्याशी लग्न कोण करेल?"

"ज्याला माझा भाऊ मेलेला चालतो त्याच्याशी मला लग्न करायचं नाही, दोड्डप्पा," मी म्हटले. सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. वडिलांच्या पत्रकांत यापुढचे काही लिहिलेले नव्हते.

तेवढ्यात गाभाऱ्यातून आमचे म्हातारे पुजारी बाहेर आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या हातावर मागच्या वर्षीचा अंगरखा होता, अण्णानेच शिवलेला, कापराच्या वासाचा. तो त्यांनी सगळ्यांना दिसेल असा धरला. "उद्या देव हा घालील," ते म्हणाले. "रामाला जुन्याची लाज नाही वाटत. तुम्हाला वाटत असेल तर उद्या येऊ नका. सरी, ठीक आहे, जटका आला का बघा."

जटक्यात आईने डोळे मिटून घेतले होते. वैनीने अण्णाचा एक हात धरला होता, त्या बाईने दुसरा. घोड्याच्या टापांसरशी माझ्या मनात एकच विचार आपटत होता, फाटकातून आत गेलेला माणूस परत येतो ना? साखळदंड असतील, किंकाळ्या असतील, असे काहीबाही ऐकलेले. आत कडुनिंबाखाली बाकावर माणसे बसली होती, आमच्यासारखीच घाबरलेली, डबे घेऊन आलेली. डॉक्टरांनी अण्णाला समोर बसवून पहिला प्रश्न तोच विचारला, झोप लागते का? मग आम्हाला म्हणाले, हा आजार आहे, याला उपचार आहेत, वेळ लागेल. तेवढे ऐकून वैनी मोठ्याने रडली. मी त्या बाईचे आभार मानायला वळले, तर ती पिशवी उचलत होती. "बरतीनी," म्हणाली, आपण निघताना येते म्हणतो तसे, आणि फाटकाबाहेर गेली. गडबडीत मी तिचे नावही विचारले नाही. पुढे होसकोट्याला जाऊन शोधले, सापडली नाही. आई म्हणते, ती सीतामाईच होती. मी वाद घालत नाही. मी मागितले होते आणि ती आली, एवढे मला माहीत आहे.

अण्णा सावकाश बरा झाला. अजूनही अधूनमधून त्याचे पाय मशीनवर थांबतात, मग आम्ही इस्पितळात जातो, उजेडात, सगळ्यांच्या देखत. दुकानाची काही गिऱ्हाइके तुटली. शेट्टी आले, आणि येऊन म्हणाले, "माझं माप घे, अण्णा, पोट वाढलंय." दोड्डप्पा बरेच महिने आमच्या ओट्यावर बसले नाहीत. एके दिवशी मात्र ते एका ओळखीच्या माणसाला घेऊन दारात उभे राहिले. त्याच्या सुनेला घेऊन इस्पितळात कधी जावे, हे त्यांना विचारायचे होते.

पुढच्या युगादीला कापड पुन्हा आमच्याकडेच आले. पण तात्यांनी रीतीत एक भर घातली. मौन चालू असेल तोवर रोज सकाळी पुजाऱ्याने शिंप्याच्या दारात यायचे आणि विचारायचे, झोप लागली का? आणि शिंप्याने तोंडाने उत्तर द्यायचे. त्याशिवाय देवाची पूजा सुरू होणार नाही. पहिल्या सकाळी अण्णा म्हणाला, "लागली, तात्या. तुमच्या घोरण्याचा आवाज इथवर आला नाही म्हणून." मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून हसले आणि रडले.

शरण जाणे म्हणजे काय, हे मला त्या जटक्यात थोडेसे कळले. आपल्याला एकट्याला हे पेलत नाही असे कबूल करून अनोळखी हातात हात देणे, मग तो हात लुगडेवाल्या बाईचा असो, डॉक्टरांचा असो वा देवाचा. अण्णाने हात दिला. आम्ही दिला. जुना अंगरखा घालून रामही आमच्या बाजूने उभा राहिला. त्याचे आभार मी कसे मानू? मानायचे तर एकच वाट दिसते, आणि त्यासाठी मला तुमची गरज आहे.

हे वाचून झाले की उठा. तुमच्या घरात, शेजारात, कामाच्या जागी कुणी हल्ली गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि झोप लागते का, असे विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि उत्तर 'नाही' असे आले, तर जटका बोलवा आणि बरोबर जा.