अँतिपास्तोच्या मागावर मामा

सगळी माणसं जेवायला बसतात. आमचे मामेसासरे जेवायला निघतात. गेल्या सत्तर वर्षांत ते एका जागी सलग दहा मिनिटं बसल्याचा पुरावा कुणाकडे नाही. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मामी अगदी स्पष्ट आल्या आहेत आणि मामा किंचित हललेले आहेत. मी गिरगावातला, बसून राहण्यात वाकबगार असलेला माणूस. लालबागच्या त्यांच्या घरात नवा जावई म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा बायकोच्या या मामांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाले, "चला, पिता पिता जरा फिरून येऊ." मग इमारतीची गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्टच्या मशीनची खोली आणि पार चिंचपोकळी स्टेशनाचा पूल दाखवून त्यांनी मला परत आणलं. कप तेव्हाही माझ्या हातातच होता आणि चहावर साय धरली होती.

मामा पेपर उभ्याने वाचतात आणि पान उलटायच्या वेळी खोली बदलतात. नाटकाला पुढच्या रांगेचं तिकीट काढतात आणि दोन्ही अंक दाराशी उभं राहून बघतात. नाट्यगृहाचा दरवान त्यांना इतका ओळखतो की तो त्यांच्या हवाली दार करून स्वतः चहाला जातो. लालबागचा त्यांचा न्हावी त्यांची दाढी दोन हप्त्यांत करतो, कारण एक गाल झाला की मामांना समोरच्या दुकानात काहीतरी विचारायचं आठवतं आणि ते साबणासकट रस्ता ओलांडतात. जेवणाची तऱ्हा तर विचारूच नका. एक घास घेतला की खिडकीशी जाऊन पुलावर गाड्या अडकल्यात का ते बघायचं, दुसरा घेतला की कुंडीला पाणी, तिसरा घेतला की गावाला फोन. मामी भाकरी हातात घेऊन त्यांच्या ताटाशी उभ्या राहतात आणि मामा परत आले की ती गरम गरम वाढतात. या सगळ्याचं खापर मामा बोटीवर फोडतात. बावीस वर्षं ते मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात होते, आणि तिथे माणूस बसला की चुलीवरचं भांडं सांडतं, असा त्यांचा अनुभव आहे.

अशा माणसाला जन्मात एकच खाणं मनापासून आवडलं, आणि ते नेमकं असं की जे तासभर बसून रमतगमत खायचं असतं. ते म्हणजे अँतिपास्तो. इटलीतली माणसं मुख्य जेवणाच्या आधी टेबलाच्या मध्यभागी एक मोठी गार ताटली ठेवतात, तिला हे नाव आहे. मामांची बोट एकदा जिनोव्हा बंदरात दुरुस्तीला लागली होती, तेव्हा बोटीवरच्या इटालियन खानसाम्याने त्यांना एका दुपारी आपल्या घरी जेवायला नेलं. बीसकट ऑलिव्ह, मिठात मुरवून तेलात ठेवलेले मांदेलीएवढे मासे, भाजून सोललेल्या लाल भोपळी मिरच्या, व्हिनेगरमधले वांग्याचे काप, चीज, पाव, आणि डुकराच्या मांसाचे पातळ पापुद्रे, ज्यांच्याबद्दल मामींना अजून सांगितलेलं नाही. ही यादी मी इतक्यांदा ऐकली आहे की लहानपणी ऐकली असती तर ती मला रामरक्षेच्या आधी पाठ झाली असती. त्या रात्री बोटीवरून मामांनी मामींना पत्र लिहिलं की एक दिवस तुला असं जेवायला घालीन. मग मुलीचं शिक्षण झालं, बोटीची नोकरी सुटली, चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, आणि ते राहून गेलं.

यंदा मात्र घाई झाली. मामींच्या किडनीचं दुखणं निघालं. लोणचं, पापड, सुकी मासळी डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली आणि सांगितलं की सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, मग मीठ जवळजवळ सोडावं लागेल. मालवणी बाईला सुक्या मासळीशिवाय राहा म्हणणं ही काय शिक्षा आहे, ते लालबागेत राहिल्याशिवाय कळणार नाही. मामींनी नुसती मान हलवली. मामा मात्र डॉक्टरांच्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले. त्यांनी डॉक्टरांना जिनोव्हापासून सगळी हकिगत ऐकवली, ताटलीची यादी सांगितली, आणि अशी एक ताटली हिला एकदा तरी खाऊ द्या म्हणून गळ घातली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, एकदाच, चवीपुरतं, आणि तपासणीच्या आधी. म्हणजे सहा आठवड्यांत या अवाढव्य शहरातून खरीखुरी ताटली शोधून काढायची होती, आणि मामींच्या वाट्याला ती एकदाच येणार असल्यामुळे चुकायची मुभा नव्हती.

मामांनी ठरवलं की आधी आपण जाऊन पाहणी करायची आणि पसंत पडली तरच मामींना न्यायचं. पूर्वी मुलगी बघायला वडीलधारे आधी जाऊन येत, तसं. पाहणीला सोबत म्हणून मी. माझं ऑफिस फोर्टमध्ये, म्हणजे मी मध्यवर्ती ठिकाणी पडतो, असं त्यांचं म्हणणं. दुपारी दोन वाजता फोन यायचा, "जावईबापू, खाली उभा आहे," आणि माझा डबा उघडलेला तसाच राहायचा.

पहिलं हॉटेल परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. आत शिरताना मामांनी माझा हात धरून दाखवलं की हे टेबल आहे तिथे त्यांच्या वडिलांचं साचाखातं, म्हणजे मागांचा विभाग होता, आणि पंख्याचा आवाज तेव्हा जास्त बरा होता. ताटली आली. मामांनी उभ्यानेच एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, चावलं, आणि टाय लावलेल्या गृहस्थांना बोलावून विचारलं की यातली बी कुठे गेली. त्यांनी अभिमानाने सांगितलं की आम्ही बी काढूनच मागवतो. मामा म्हणाले, "मग चव पण काढूनच येत असणार." त्यांनी एक मासा बोटाने दाबला, फ्रीजमधून आत्ताच काढलाय असा निकाल दिला आणि दाराकडे निघाले. मागे राहून त्या गृहस्थांची समजूत घालायची आणि बिल द्यायचं काम कुणाचं, हे सांगायला नको.

गिरगाव चौपाटीजवळच्या हॉटेलात ताटली आली तीच मुळी बिनकांदा-लसणाची, जैन. तिच्यावर पनीरचे चौकोन, काकडी, डाळिंबाचे दाणे आणि वरून चाट मसाला. मला ती आवडली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामांनीही अन्न टाकायचं नाही म्हणून हॉटेलभर फिरत फिरत ती संपवली. वाटेत त्यांनी दोन अनोळखी टेबलांवर थांबून जिनोव्हाची गोष्ट सांगितली आणि एका आजींना पनीरचा चौकोन खायला लावला. काळ्या घोड्याजवळच्या एका ठिकाणी ते थेट स्वयंपाकघरात घुसले. तिथला आचारी निघाला देवगडचा. दोघांनी अर्धा तास उभ्याने बोटीवरच्या आणि गावाकडच्या गप्पा मारल्या, आणि शेवटी तो आचारी मामांना हळूच म्हणाला, "काका, काकींका हय हाडू नकात," म्हणजे इथे आणू नका. इतका प्रामाणिक माणूस त्या सहा आठवड्यांत दुसरा भेटला नाही.

असे चार आठवडे गेले. माझं वजन वाढलं आणि मामांचं कमी झालं. मग दादरला, एका शांत गल्लीत, इटलीत शिकून आलेल्या एका मुलीने चालवलेलं सहा टेबलांचं हॉटेल सापडलं. ऑलिव्हला बी होती. मासे गार नव्हते. मामा चक्क चार मिनिटं खुर्चीला टेकले, आणि येत्या शनिवारी मामींना आणायचं ठरलं.

शनिवारी मामी ठेवणीतली साडी नेसून आल्या. माझी बायकोही आली. मामींनी आधी वेटरला तो जेवलाय का ते विचारलं, मग पाण्याचे ग्लास स्वतःच सगळ्यांपुढे सरकवले. ताटली टेबलावर आली आणि मामा मामींच्या तोंडाकडे बघू लागले. मामींनी चमचा उचलला. मामांच्या ताटलीत दोन मासे वाढले, माझ्या ताटलीत मिरची आणि वांगी, भाचीला चीज, परत मामांना ऑलिव्ह, मग मला आणखी पाव. तेवढ्यात वेटर तिसऱ्यांदा येऊन पुढचं काय आणू म्हणून विचारायला लागला, तशा त्या अर्ध्या उठून त्याच्या हातातलं पाणी घ्यायला गेल्या. त्यांची स्वतःची ताटली कोरी होती. मामा ताडकन उठले, "चला" म्हणाले, आणि हॉटेलच्या बाहेर गेले. मामींनी एक कणही तोंडात घातला नव्हता, आणि आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं.

बायका टॅक्सीने गेल्या आणि मामा नि मी चालत निघालो. परळ येईपर्यंत मामा माझ्या दहा पावलं पुढे होते. मग एकदम थांबले.

"जावईबापू, त्या खानसाम्याची बायको आमच्याबरोबर बसली होती," ते म्हणाले. "पहिल्या घासापासून. सगळं आधी करून ठेवलेलं, गार. काही तळायचं नाय, काही गरम आणायचं नाय. बसली, खाल्लं, हसली. आमच्या हिला मी तसं कधी बघितलंच नाय. आधी म्हटलं, मी बोटीवर असतो म्हणून. मग घरी आलो, तरी ती उभीच. मासे कुठलेही असू दे हो. मला तिला बसलेली बघायचीय."

मला माझी आई आठवली, जी आम्हा सगळ्यांचं होईपर्यंत ओट्याला टेकून उभी असायची, आणि आपण इतकी वर्षं बसण्यात वाकबगार कुणाच्या जिवावर होतो ते कळून मला लाज वाटली. मी फक्त म्हणालो की घरीच करून बघू. मामा लगेच चालायला लागले. चालता चालता त्यांनी बेत ठरवून टाकला.

तपासणीच्या आधीचा रविवार. मामींना माझ्या बायकोबरोबर सकाळीच नायगावला त्यांच्या बहिणीकडे पाठवून दिलं. मामा पहाटेपासून ओट्याशी होते आणि मी त्यांच्या हुकमतीखाली. त्यांनी मिरच्या जाळावर भाजून सोलल्या, आदल्या दिवशी मुरत घातलेली वांगी निथळली, बाटलीतले मासे पाण्यात दोनदा बुडवून त्यांचं मीठ उतरवलं. मामींच्या वाटणीचं वेगळं काढून ठेवलं: तीन ऑलिव्ह, एक मासा, वांगी हवी तेवढी. सगळं झाल्यावर ओटा पुसला, आणि गॅसचा रेग्युलेटरच काढून आपल्या खिशात घातला. मी विचारलं हे कशाला. ते म्हणाले, नाहीतर ती आली की कायतरी तळायला घेईल.

बारा वाजता मामी आल्या आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटेना. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि काय वाढू म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "काय नाय. बस गो." त्या बसल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीत. मामांनी आपल्या हाताने त्यांच्या ताटलीत वाढलं आणि समोरची खुर्ची ओढून घेतली.

मामींनी ऑलिव्ह चावलं आणि मिठातल्या करवंदासारखं लागतं म्हणाल्या. माशाचा तुकडा खाल्ल्यावर हा धुतला नव्हता का, असं विचारलं. वांगी मात्र त्यांना आवडली, त्यांनी ती स्वतःहून परत घेतली. हळूहळू त्या खुर्चीत मागे सरकल्या. बहिणीच्या घरची हकिगत सुरू झाली, मग चाळीतल्या कुणाचं तरी लग्न, मग मामा बोटीवर असताना मुलीला गोवर आला होता तो आठवडा, ज्याची गोष्ट मामांनी कधी ऐकलीच नव्हती. मामा ऐकत राहिले. पुलावर भोंगे वाजत होते, फोनही एकदा वाजून बंद झाला. पाऊण तास तरी गेला असेल. शेवटी मामांनी एक मासा पावावर ठेवून खाल्ला, बराच वेळ चघळला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"नाय जमली," ते म्हणाले. "ही ती चव नाय."

मामींनी त्यांच्याकडे बघितलं. "चव जाव दे मेली," त्या म्हणाल्या. "तुमी आज एकदाय उठाक नाय."

मामा खरोखरच एकदाही उठले नव्हते. ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आणि मामांच्याही. चाळीस वर्षं मामी उभ्या आहेत म्हणून त्यांचा जीव तुटत होता. मामी कुणाची वाट बघत उभ्या होत्या, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामा खाली मान घालून ताटलीतलं तेल पावाने पुसत बसले.

आठवड्याभरात रिपोर्ट आला आणि मीठ सुटलं. आता दुपारी दोनला मला फोन येत नाही, माझा डबा गरम असतानाच संपतो, आणि खरं सांगायचं तर मला करमत नाही. परवा परळला एक नवं इटालियन हॉटेल उघडलेलं दिसलं म्हणून मीच मामांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या जावईबापू, आम्ही जेवतोय." मामींबरोबर त्यांनीही मीठ सोडलंय, हे मला बायकोकडून कळलं, ते स्वतः बोलले नाहीत. सकाळीच सगळं रांधून टेबलावर मांडून ठेवतात आणि दोघं समोरासमोर बसतात. मामींचे पाय हल्ली सुजतात, पुढे काय करावं लागेल ते डॉक्टर नीट सांगत नाहीत, आणि मामाही विचारायला जात नाहीत. त्यांच्याकडचं जेवण आता अळणी असतं, गार असतं, आणि तासभर चालतं.