पाझर तलावाखालची विहीर

नगर मागे पडलं आणि एसटीच्या खिडकीतून नुसतं करपलेलं रान दिसू लागलं. वाळूजला चित्र पालटलं. कारखान्यांची पाळी सुटली होती, टपऱ्यांवर माणसं मावत नव्हती. पावसाचा पत्ता नाही, तरी यंत्रं चालू! सरकारने या माळावर कारखाने आणायचं ठरवलं तेव्हा मी अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवताना टिंगल केली होती. आता मनातल्या मनात कान धरले.

पुण्यात माझ्याकडे शिकलेला भारत इथे सुपरवायझर आहे. शहरात, गारखेडा भागातल्या त्याच्या घरी नळाला आठवड्याने पाणी येतं, त्यामुळे पातेलीसुद्धा भरून झाकलेली. जेवताना तो म्हणाला, "सर, उद्या आमचं गाव बघायला चाललाच आहात तर मायला समजवा. मेंढरं सोमवारच्या बाजारात काढ म्हणावं. माझं ती ऐकत नाय."

सकाळी त्याचं गाव, देवगाव रंगारी, गाठलं. भारतच्या आई, द्वारकाबाई, यांनी पेलाभर पाणी दिलं. दोन घोट घेऊन उरलेलं मी सवयीने अंगणात फेकलं.

"अव्हो, हे काय केलं!"

दुष्काळात पाहुण्याचं उरलेलं पाणी इथे कोकरांच्या घमेल्यात ओततात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई मोठ्या मनाच्या. भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याची आमटी) वाढून त्यांनीच मला सावरलं.

मी विषय काढला, "मेंढ्या विका. पाऊस झाला की पुन्हा घ्या."

त्या उठल्या आणि मला कोरड्याठाक पाझर तलावाच्या (पाणी जमिनीत मुरवणाऱ्या तळ्याच्या) बांधावर घेऊन गेल्या.

"भात्तरच्या (१९७२च्या) दुष्काळात सरकारनं काम काढलं. मी नवी नवरी. ही माती ह्या डोईवर वाह्यली. तवा माणसं जगली, मेंढरं नाय जगली. सासरा लई रडला."

बांधाखालच्या विहिरीत त्यांनी बादली सोडली. ती भरून वर आली.

"तळं आटलं, पर झिरा हाय. पोळ्यापतूर पुरंल. चाऱ्याला भारतचा पगार हाय. मंग इकू कशापायी?"

तीस वर्षं मी फळ्यावर उत्पन्नाचे चढउतार काढत आलो. ते सावरायला एक जुना बांध आणि एक नवा कारखाना कसा उपयोगी पडतो, हे मला त्या विहिरीवर कळलं. बाईंचा फार अभिमान वाटला.

परतीच्या वाटेवर भारत वाळूजला थांब्यावर भेटला.

"सांगितलं का, सर?"

"सांगितलं. सोमवारी तुला चारा घेऊन गावी जायचं आहे."

पुण्यात घरी पोचलो, सुनेने पाणी दिलं. अर्धा पेला उरला. मोरीपर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. मग उरलेलं पाणी पिऊन टाकलं.