एक आलं, एक गेलं

जगात ओझं म्हणून जे जे काही आहे ते आपल्याला छळण्यासाठीच निर्माण झालं आहे, अशी आमच्या साडूंची पक्की समजूत आहे. बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळण्यात त्यांची उभी हयात गेली, पण जीव सगळा वजन कमी करण्यात. त्यांच्या सायकलला मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँडही नाही; दांड्यावरचं कंपनीचं नावसुद्धा खरवडलेलं. पावसाळ्यात पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा घेऊन ते पालघरला आमच्याकडे येतात आणि सायकल शेजाऱ्यांच्या स्कूटरला टेकवून ठेवतात. घंटीचं विचारलं तर म्हणतात, "मला तोंड आहे ना." नव्या शर्टाच्या कॉलरमागची कंपनीची पट्टी पहिल्या दिवशीच कात्रीखाली जाते. फोनवर तर शब्दांचीही तीच गत. "रविवारी जेवायला. भरली वांगी," एवढं ऐकू येतं आणि आपण "हॅलो" म्हणेपर्यंत पलीकडे कोणी नसतं. घरात त्यांचा कायदा एकच, एक आलं की एक गेलं. नवी कढई आली की जुनी बाहेर. अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, एकदा मला म्हणाली, "भावोजी, मी साड्या घेत नाही ती काही काटकसर नव्हे. नवी आणली की हे कपाटापाशी येऊन उभे राहतात."

निवृत्त झाल्यावर अशा माणसाने बागकाम वगैरे करावं. यांनी प्रोग्राम लिहायला घेतला. मला त्यातलं कळतं ते एवढंच की इंटरनेटवर एक कॉम्प्युटर दुसऱ्याकडे काहीतरी मागतो आणि दुसरा उत्तर देतो. मागणी नीट पोचते का, उत्तर बरोबर येतं का, हे तपासायला वेबसाइटी बनवणाऱ्यांना एक साधन लागतं. तशी साधनं बाजारात आहेत, पण साडूंच्या मते ती सगळी सुजलेली आहेत. "त्यांच्या पोटात अख्खा ब्राउझर कोंबलेला असतो," ते वांग्याचा देठ बाजूला ठेवत मला समजावून सांगत. "एक पत्र टाकायचं म्हणून कोणी पोस्ट ऑफिस घरी आणतं का?" त्यांचा प्रोग्राम थेट मशीनच्या भाषेत बोलणारा, मध्ये दुभाषा नाही. जुन्यात जुन्या कॉम्प्युटरवरही तो बोट उचलायच्या आत उघडायचा. मी स्वतः पाहिलं आहे, आणि न कळताही मला कौतुक वाटलं आहे.

हे साधन खरोखर हवं होतं ते बोईसरजवळच्या दांडी गावच्या एका मुलीला. कारखान्यात ती त्यांच्याच हाताखाली कंत्राटावर होती. कंत्राट संपल्यावर तिने घरी बसून गावच्या बोटवाल्यांसाठी एक काम सुरू केलं होतं. बोट समुद्रात जाण्याआधी कुठल्या कारखान्यात बर्फ शिल्लक आहे ते मोबाइलवर दिसावं, असं काहीतरी. एका रविवारी ती साडूंकडे आली तेव्हा मीही पानावर होतो. "काका, माजा लॅपटॉप जुना हाय," ती म्हणाली. "त्यो मोटा प्रोग्राम उगडला की बाकी काय चालतच नाय. तुमचा कवा देता?" तिने तो चालवून पाहिला आणि खूश झाली. फक्त केलेली कामं त्यात साठवून ठेवता यावीत, एवढंच तिचं मागणं. "आमच्याकडं लाइट जाते ना. परत सगळं पयल्यापासून करावं लागतं."

साडूंनी आठवडाभरात ती सोय केली. आणि तिथेच घात झाला. एक आलं होतं, आता एक जायला हवं होतं. त्यांनी प्रोग्राममधले रंग काढून टाकले. ते फार हलके निघाले. चित्रं उडवली, मदतीचं पान उडवलं, तरी वजनाचा मेळ बसेना. मुलगी फोन करत राहिली. "हाय तसा द्या ना, काका." मी समोर होतो. साडू म्हणाले, "पोरीला अर्ध्या वेणीत शाळेत पाठवतात का? थांब जरा." मीही त्यांना सांगून पाहिलं, पण पाऊस आला, गेला, बोटी पुन्हा समुद्रात गेल्या आणि साडू अजून काय काढावं याचाच विचार करत होते. मुलीचा लॅपटॉप रोज अडत होता. शेवटी घरच्यांचा धीर सुटला आणि ती पुण्याला नोकरीला लागली. दांडीचे बोटवाले अजून फोनाफोनी करूनच बर्फ शोधतात.

परवा साडूंनी प्रोग्राम तिला धाडला, मलाही धाडला. तिचं उत्तर अक्काने मला वाचून दाखवलं. "काका, लय भारी झालाय. पन आता कंपनीनं मोटा लॅपटॉप दिलाय, त्याच्यावर सगळंच लगेच उगडतं. गावचं काम ऱ्हायलंच." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. मी प्रोग्राम उघडून पाहिला. पूर्वी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत साडूंचं नाव असायचं. सायकलपासून शर्टापर्यंत सगळीकडून त्यांनी नावं खरवडली, पण आपलं स्वतःचं तेवढं एक ठेवलं होतं. आता ती जागा कोरी होती. एवढं एकच काढायचं राहिलं होतं, आणि ते काढायला त्यांना वर्ष लागलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "उघडतं?"

"लगेच उघडतं," मी म्हणालो.

मी नेहमीप्रमाणे फोन खाली ठेवायला गेलो, तर तो चालूच होता. मग मीच म्हटलं, "रविवारी येतो जेवायला," आणि तरीही बराच वेळ आम्ही दोघं फोन कानाला लावून तसेच बसून राहिलो.