उद्या मिस्सा आहे

सावली गावातल्या आमच्या घरात रविवारची चूल सगळ्यांत उशिरा पेटायची. शेजारपाजारच्या घरांतून फोडणीचा वास यायला लागला की आमच्या पोटात कावळे ओरडत, आणि बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, अंगणात खुर्ची टाकून, गडचिरोलीच्या रस्त्याकडे बघत बसलेले असत. त्या रस्त्याने मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, करायला फादरांची जीप यायची. जीप आली की मिस्सा, मिस्सेत कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून जिभेवर ठेवतात ती पातळ पांढरी भाकर, आणि ती घेतल्यावरच घरात अन्न.

बाबा मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तेव्हा नियम असा होता की मिस्सेच्या आदल्या रात्री बारानंतर काही खायचं नाही. पुढे तो सैल झाला, आता तासभर पोट रिकामं ठेवलं तरी पुरतं. हे प्रत्येक नव्या फादरांनी बाबांना समजावलं. बाबा हात जोडून ऐकायचे, ‘हो फादर’ म्हणायचे, आणि जीप वळणापलीकडे गेली की आईला सांगायचे, "नवा हाय. त्याले माहीत नाई."

लोक ‘आधी पोटोबा मग विठोबा’ म्हणतात. आमच्याकडे उलटं होतं, आणि सगळ्या आळीला ते माहीत होतं. शेजारच्या बाया मला मुद्दाम विचारायच्या, "काऊन व पोरी, तुमच्या देवानं आज जेवू घातलं का नाई अजून?" मला राग यायचा, कारण बहुतेक वेळा घातलेलं नसायचं. पावसाळ्यात वैनगंगा पुलावरून वाहायला लागली की जीप पलीकडेच अडकायची. तरी बाबा उठायचे नाहीत. एकदा अशीच वाट बघता बघता मी ओसरीवर भोवळ येऊन पडले. आईने तोंडावर पाणी मारलं, गूळ भरवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बाबांवर ओरडली. बाबांनी मला उचलून खाटेवर ठेवलं, माझे तळपाय चोळले, डोळे पुसले. पण स्वतः अंधार पडेपर्यंत घास घेतला नाही. मग एकट्यानेच प्रार्थना म्हटली आणि थंड भात खाल्ला.

असा हट्टी माणूस. पण त्याला नुसतं हट्टी म्हणून मला मोकळं होता येत नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. शनिवारी पुष्कळदा एटापल्लीची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची. रविवारी पहाटे गाडी काढायची, जंगलातला तो सगळा रस्ता उपाशीपोटी चालवायचा, डेपोत गाडी लावायची आणि मिस्सेला घर गाठायचं. त्यांचे कंडक्टर बौद्ध, आम्ही त्यांना काका म्हणायचो. नोकरीची बरीच वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली. भेटले की काका ‘जय येशू’ म्हणायचे आणि बाबा ‘जयभीम’. वाटेत गाडी थांबली की काका मुद्दाम बाबांच्या समोर उभे राहून भजी खायचे. "भाऊ, तुमच्या देवाले मी सांगतो, ड्रायव्हरले सूट देजो म्हून," म्हणायचे. बाबा हसून काच वर करायचे. काकांच्या घरी कोणी आजारी पडलं की मात्र आमच्या संध्याकाळच्या जपमाळेत एक माळ जास्त व्हायची. आम्ही कुरकुर केली तर बाबा म्हणायचे, "तो माह्या गाडीचा मानूस होय."

आणि मिस्सा झाल्यावरचे बाबा! तसं आनंदाने जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भाताचा ढीग, त्यावर वरण, बाजूला वाळल्या झिंग्यांची चटणी. पहिला घास कालवून ते आईला द्यायचे, सगळ्यांसमोर, आणि आई लाजून पदर तोंडावर घ्यायची. त्या जेवणासाठी मी सगळे रविवार माफ करायची. त्यांच्या उपासाला शेवटी जेवण होतं म्हणून तो उपास होता. हे मला फार उशिरा कळलं.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते. ज्याने उभी हयात या रस्त्यांवर काढली, तो माणूस आरमोरी कुठल्या बाजूला ते विचारू लागला. मग माणसंही आठवणीतून गेली. मी तेव्हा चंद्रपुरातली शाळेची नोकरी बदलून घेऊन घरी आले होते. मला ते कधी मिशनमधली सिस्टर, कधी आपली मेलेली बहीण समजत. प्रार्थना मात्र एकही गेली नाही. जपमाळेतला एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आई म्हणायची, देवाने आपली वस्तू राखली. मीही तेव्हा मान हलवली होती.

मग एका संध्याकाळी आईने ताट वाढलं आणि बाबांनी ते हाताने बाजूला सारलं.

"आता नाई. उद्या मिस्सा हाय."

दुसऱ्या दिवशी मिस्सा नव्हती. बुधवार होता. सकाळी मी चहा-पोहे नेले, तर म्हणाले, "बारा वाजून गेले नं रातचे. आता कम्युनियन झाल्यावर." दुपारी तेच, संध्याकाळी तेच. त्यांच्या डोक्यातलं घड्याळ शनिवारच्या रात्री बारा वाजून गेल्यावर बंद पडलं होतं आणि रविवारची मिस्सा काही केल्या उजाडत नव्हती. आठवड्याभरात गालफडं बसली. पाणी घ्यायचे, ते त्यांच्या नियमात बसत होतं. मध्येच विसरून चार घास खायचे आणि मग आठवलं की घास तोंडातून काढून ताटात ठेवायचे.

फादर आले. हे तरुण होते, केरळचे, मराठी जपून बोलणारे. त्यांनी खाटेशी बसून बाबांचा हात धरला आणि तासाचा नियम सांगितला. आजारी माणसाला तर तोही नाही, म्हणाले. बाबांनी हात जोडले. "हो फादर." फादर गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नवा हाय." मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

काकांनी वेगळी शक्कल काढली. रोज संध्याकाळी यायचे आणि खाटेपाशी उभे राहून डेपोत बोलावं तसं मोठ्याने बोलायचे, "भाऊ, आज सोमवार हाय. मिस्सा काल झाली. तुमी कम्युनियन घेतलं, म्या पाह्यलं. आता जेवून घ्या, गाडी काढाची हाय." आणि बाबा जेवले! घाईघाईने, ड्युटीवर जाणाऱ्या माणसासारखे. आईने देवघरातल्या मरियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि काकांना गोड खाऊ घातलं. पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे रोज सोमवार असायचा. आळीत आमची थट्टा झाली, होऊ दे म्हटलं. बाबांच्या अंगावर थोडं मांस आलं.

पण एके दिवशी बाबांनी हातातला घास तसाच धरला आणि काकांकडे रोखून बघितलं.

"सोमवार हाय तं तू खाकी काऊन नाई घातली?"

काका धोतरावर होते. गडबडून म्हणाले, "धुवाले टाकली भाऊ."

"म्या कम्युनियन घेतलं?"

"घेतलं नं."

"तू कसा पाह्यला? तू तं कधी आत येत नाई."

ते खरंच होतं. काका कधी प्रार्थनाघरात यायचे नाहीत, बाहेर बाभळीखाली बसायचे. बाबांनी घास ताटात ठेवला. "तू बी माह्याशी खोटं बोलून राह्यला," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. काकांना रडताना मी तेव्हा पाहिलं. त्यानंतर बाबा त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. सगळ्या जगाला विसरलेल्या माणसाने एवढी एक गोष्ट कशी लक्षात ठेवली, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलेलं नाही.

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की या आजारात शेवटी खाणं सुटतंच. कोणी अन्नात विष आहे म्हणतं, कोणी नुसतं तोंड मिटून घेतं. तुमच्या वडिलांना कारण म्हणून उपास सापडला, एवढंच. ते खरं असेल. मी ते अर्धं मानते. उरलेलं अर्धं मानायला मला त्यांचे सगळे रविवार विसरावे लागतील.

नाकातून नळी घातली. ती ओढू नये म्हणून हात पट्टीने खाटेला बांधले. नळीतून दूध सोडलं. बाबा ते पांढरं खाली उतरताना बघत राहिले, आणि मग रडायला लागले. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. मी जवळ वाकले.

"सिस्टर, फादरले बलावा," ते मला म्हणाले. "माहा उपास मोडला. मले कबुली द्याची हाय."

कबुली म्हणजे पापाची. ज्याने जन्मात कोणाचं वाईट केलं नाही तो म्हातारा, दूध पोटात गेलं म्हणून पापी झाला होता आणि बांधलेल्या हातांनी क्रूसाची खूण करायला धडपडत होता. त्या क्षणी मला देवाचा, बोर्डिंगाचा, रोमचा, सगळ्यांचा संताप आला. हे असं शिकवतात का लहान पोरांना? आणि शिकवलं तर मग शेवटी येऊन सोडवत का नाहीत? आईने तोंडात पदर कोंबला होता. ती म्हणाली, "नळी काढा. त्यायले घरी नेऊ."

घरी आणलं. फादरांनी कबुली ऐकली, आणि आपणहून म्हणाले, मी इथेच मिस्सा करतो. खाटेशेजारी टेबल लावलं, त्यावर आईची लग्नातली चादर घातली. आईही उपाशी होती, सकाळपासून. मी स्वयंपाकघरात मऊ भात घोटून ठेवला, वर पातळ वरण. मिस्साभर माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं, चुलीवर होतं. भात निवू नये, एवढीच माझी प्रार्थना. बाबा सगळी उत्तरं बरोबर देत होते. फादरांनी भाकर जिभेवर ठेवली. बाबांनी डोळे मिटले, आणि इतक्या महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

आईने वाटी घेतली. "अजी, झाली मिस्सा. आता घास घ्या."

त्यांनी घेतला. दुसरा घेतला. वरण ओठावरून ओघळलं ते आईने पुसलं. फादर खुर्चीच्या कडेला बसून बघत होते. तिसऱ्या घासाला बाबांनी आईचं मनगट धरलं.

"थांब व. मिस्सा कधी हाय?"

आई म्हणाली, "आत्ता झाली न अजी."

"नाई नाई. उद्या हाय." आणि तोंड मिटलं. ते पुन्हा आम्ही कोणी उघडू शकलो नाही. पुढचे दिवस आई कापसाने ओठ ओले करत राहिली. पाऊस नव्हता, पूर नव्हता, रस्ते सगळे उघडे होते, फादर हाकेच्या अंतरावर मुक्काम करून होते. तरी बाबांची मिस्सा आली नाही. ते गेले तेव्हा इतके हलके झाले होते की आईने एकटीने त्यांची कूस बदलली होती.

मातीला माणसं खूप आली. डेपोतली, मिशनमधली, आजूबाजूच्या गावांतली. फादरांनी प्रवचनात सांगितलं की पूर्वीच्या संतांसारखं या माणसाने अखेरपर्यंत व्रत पाळलं, आणि उपाशीपोटी, शुद्ध होऊन, तो प्रभूच्या जेवणाला गेला. बाया डोळे टिपत होत्या. आईने मान वर केली. बाबा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. फादरांना मी दोष देत नाही. बायकोसमोर दुसरं काय बोलणार? आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते, आणि तिच्याकडून ते हिसकावून घेण्याची माझी छाती नाही.

काका त्या दिवशी पहिल्यांदा प्रार्थनाघरात आले होते. शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून उभे होते. प्रवचन चालू असतानाच ते बाहेर गेले. कम्युनियनची रांग लागली, आईने वळून मला खूण केली, पण मी रांगेत गेले नाही, काकांच्या मागे गेले. ते बाहेर पायरीवर बसले होते. मला बघून सरकले, मी शेजारी बसले. आतून गाण्याचा आवाज येत होता.

"बाई," काका म्हणाले, "भाऊ भुकेनं मेला व."

"हो काका," मी म्हटलं.